पात्याचा पहिला चावा

मनोहर टोणप्यांनी चहाची बशी दोन्ही हातांनी उचलली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आण्णांचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

आण्णा म्हणजे माझे मोठे काका. मी शाळेत असताना वडील गेले, तेव्हापासून आमचं घर त्यांनीच सांभाळलं. त्यांची सगळी नोकरी दारूबंदी खात्यात गेली होती. निवृत्त झाले तरी समोरच्या माणसाचे आधी डोळे, मग नाकाचा शेंडा आणि शेवटी बोटं बघायची सवय काही गेली नव्हती. त्या रविवारीही त्यांनी बोटं बघितली आणि मग नजर हळूच वर सरकवली. मीही त्यांच्यामागोमाग तिकडे पाहिलं. मुलाच्या गळ्यावर ताजे कापल्याचे ओरखडे होते. एकावर तुरटीची पांढरी भुकटी तशीच राहिली होती. जबड्याखाली लाल पुरळ होतं.

"मनोहर पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे," सोबत आलेले त्याचे मामा सांगत होते. "मिरजेतच. घरापासून सायकलवर."

"वडील नाही आले?" आण्णांनी विचारलं.

"त्यांची प्रकृती जरा बरी नसते," मामा घाईने म्हणाले आणि पोह्यांचं कौतुक करू लागले.

मग रीतीप्रमाणे 'मुलांना जरा बोलू द्या' झालं, आणि आम्ही दोघं गॅलरीत आलो. मी तेव्हा सांगलीत कॉलेजला भूशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. बघून गेलेल्या मुलांचे प्रश्न मला पाठ झाले होते. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडाल का, एवढे दगड गोळा करून त्यांचं करता काय.

मनोहरने माझ्या गळ्यातल्या काळ्या दोरीकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"भिंग. दगड बघायला. काढून ठेव म्हणून आईने सांगितलं होतं, विसरले."

तो हसला. हसताना गळ्याची कातडी ताणली आणि एका ओरखड्यातून रक्ताचा थेंब बाहेर आला. त्याने तो सवयीने रुमालाने टिपला. "मी बघू का यातून?"

मी दोरी काढून दिली. त्याने गॅलरीच्या कठड्याला डोळा लावला. आमच्या कठड्यावर गंज चढलेला होता. "अरे बापरे," तो म्हणाला, "हे तर जंगल आहे. आत दऱ्यासुद्धा आहेत." मग स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा पाहिल्या, मग पुन्हा गंज. आपण मुलगी बघायला आलोय हे तो चक्क विसरला होता. मी त्याच्याकडे निवांत बघून घेतलं.

"तुम्हाला काही विचारायचंय?" शेवटी भानावर येऊन त्याने विचारलं.

"तुम्ही दाढी कशाने करता?"

"अं? रेझरने."

"कसल्या?"

"आहे घरातलाच. जुना." तो गोंधळून गळ्यावरून हात फिरवू लागला. "फार वाईट दिसतंय का?"

"वाईट नाही. पण असं का होतं ते कळत नाही," मी म्हटलं. तेवढ्यात आतून हाक आली.

पाहुण्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत आण्णांनी निकाल दिला.

"पितो."

"काहीतरीच काय, आण्णा!" आई म्हणाली. "किती सालस मुलगा आहे."

"सालस माणसं पीत नाहीत होय? मी धरलेल्यांत निम्मे सालसच होते. बशी दोन हातांनी धरली, बघितलंस? गळा कापून घेतलाय. रोज दाढी करणाऱ्या बाप्याला या वयात गळा कापून घ्यायला काय झालंय? रात्रीची उतरली की सकाळी हात थरथरतो. डोळे मिटून सांगतो मी."

"बशी गरम होती, आण्णा," मी म्हटलं. "आपल्या बश्यांच्या कडा टवकलेल्या आहेत. मीसुद्धा दोन हातांनी धरते."

"आणि गळा?"

"रेझर वाईट असेल. कातडी नाजूक असेल. घरचं पाणी जड असेल, त्यात साबणाला फेस येत नाही. एका खुणेला एकच कारण असतं असं कुठाय?"

"कुमे, तू शिकलीस, पण दगड शिकलीस. माणसं मी शिकलोय."

"मग तपासून बघा की."

आण्णांना हा शब्द आवडायचा. त्यांनी थोडा विचार केला. "ठीक. आपल्याला त्यांचं घर बघायला जायचंच आहे. पंधरा दिवसांनी, रविवारी. त्या दिवशी चेहऱ्यावर एक ओरखडा दिसला, तर माझा नकार. नाही दिसला, तर होकार."

"ही कुठली पद्धत?" आई म्हणाली.

"माझी पद्धत."

आण्णांचा शब्द मोडून आमच्या घरात काही होत नसे, आणि मलाही तो मोडायचा नव्हता. माझी फी भरण्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मी पाहिलं होतं. पण गंजाकडे इतका वेळ बघणारा माणूस मला पुन्हा भेटेल असंही वाटत नव्हतं. कपडे बदलताना गळ्याला हात लावला तेव्हा लक्षात आलं, भिंग त्याच्याकडेच राहिलंय.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो भिंग परत द्यायला कॉलेजात आला. प्रयोगशाळेत मी एकटीच दगडांचे नमुने खोक्यात लावत होते.

"चुकून खिशात गेलं," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर पूर्ण चुकून नाही. घरी जाऊन मीठ बघितलं. साखर बघितली."

"टोणपे, एक सांगायचंय. आमच्या आण्णांना वाटतं, तुम्ही दारू पिता."

त्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. "कशावरून?"

"गळ्यावरून. सकाळी हात थरथरतो, म्हणून कापतं म्हणे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला अजून काही वाटत नाही. ही पेन्सिल घ्या. मोजपट्टी न घेता एक रेघ काढा."

त्याने टेबलावरचा आलेखाचा कागद पुढे ओढला, श्वास रोखला आणि डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. मग तिच्या शेजारून दुसरी. दोघींच्या मधली फट या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढीच. मी भिंगातून पाहिलं. कुठे लाट नव्हती, कुठे गाठ नव्हती.

"हात चांगला आहे," मी म्हटलं. "म्हणजे दोष हत्याराचा. रेझर कसा आहे तुमचा?"

"दात्यांचा. आजोबांच्या वेळचा असेल. पात्याखालच्या पट्टीला कंगव्यासारखे दाते आहेत, आणि पातं चांगलं बाहेर डोकावतं."

"आणि कातडी?"

"ती आमच्या घराण्यातच नाजूक. दादांची तर कागदासारखी आहे."

"दादा म्हणजे वडील?"

"हो." तो उठला. "मग आता काय करायचं, बाई? औषध लिहून द्या."

"रेझर बदलायचा. चला."

हरभट रोडला हातिमभाईंचं कटलरीचं दुकान होतं. कात्र्या, अडकित्ते, कुलपं, गळ, सगळं काचेखाली. हातिमभाईंनी सर्वांत चकचकीत रेझर आधी काढला. "हा घ्या साहेब. सोनेरी. लग्नाच्या आहेराला हाच जातो."

मी त्यात पातं बसवायला लावलं आणि भिंग डोळ्याला लावलं. एका टोकाला पातं पट्टीच्या बाहेर जास्त आलं होतं, दुसऱ्या टोकाला कमी.

"तिरकं बसतंय," मी म्हटलं.

"ताई, जरासं इकडंतिकडं चालायचंच."

"कुणाच्या गळ्यावर?"

मनोहर खोकला. हातिमभाईंनी मुकाट्याने दुसरा काढला. तो हलका होता, पत्र्याचा. पातं सरळ बसलं, पण पट्टीच्या कडेला मुलामा फुगून बारीक कुसळं उभी राहिली होती. मी बोट फिरवून दाखवलं. केस कापायच्या आधी ही कडच कातडीला खरवडणार. हलका असल्याने माणूस तो दाबून चालवणार, आणि दाबला की पातं आत जाणार.

"दाबायचा नसतो?" मनोहरने विचारलं.

"रेझरचं वजन रेझरनेच वाहायला पाहिजे. हाताने नुसती दिशा द्यायची."

हातिमभाई आता रंगात आले होते. त्यांनी मागच्या कपाटातून एक जुन्या कागदात गुंडाळलेला रेझर काढला. पितळी, वर साधा निकेलचा मुलामा, नक्षी नाही. हातात घेतला तर गोट्यासारखा जड. खालच्या पट्टीला दाते नव्हते, अखंड गुळगुळीत कड होती. पातं बसवून मळसूत्र आवळलं, तर दोन्ही बाजूंना पात्याची धार अगदी सारखी, पट्टीच्या पुढे जेमतेम दिसेल एवढीच. कड आधी कातडीला टेकणार, तिला सपाट करणार, आणि मगच धार येणार. दांड्याला आडव्यातिडव्या खाचा होत्या, ओल्या हातातून तो निसटला नसता. मी सगळीकडून पाहिला. नाव ठेवायला जागाच सापडेना.

"हा," मी म्हटलं.

मनोहरने तो घेतला, तोलून पाहिला. मग एक विचित्र गोष्ट केली. रेझर स्वतःच्या गालाकडे न नेता त्याने मनगट उलटं वळवलं आणि तो समोर, हवेत धरला. हातिमभाईंच्या तोंडासमोरच. डाव्या हाताची दोन बोटं ताणून त्याने हवेतच काहीतरी धरल्यासारखं केलं.

"असा धरला तरी चालेल ना?"

"साहेब," हातिमभाई मागे सरकत म्हणाले, "दाढी तुमची करायचीय का माझी?"

आम्ही तिघंही हसलो. मनोहर जरा जास्तच हसला, आणि मीही ते तिथेच सोडून दिलं.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा कॉलेजात आला. यावेळी काहीच परत करायचं नव्हतं. मला बरं वाटलं. मग त्याने मान वळवली आणि उजव्या जबड्याखाली दोन ताजे ओरखडे दिसले.

"रेझर कसा आहे?" मी विचारलं.

"सुंदर. लोण्यातून जावं तसा जातो. एकदाही कापलं नाही."

"मग हे काय?"

त्याचा हात गळ्याकडे गेला. "हे... काल नवं पातं होतं. रविवारी बदलतो मी."

"नव्या पात्याने कमी कापायला पाहिजे."

"हो का?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

मला प्रयोग फसण्याचं दुःख होत नाही, पण तो का फसला ते कळलं नाही तर मला जेवण जात नाही. "उद्या रेझर घेऊन या," मी म्हटलं. "पात्यासकट. धुऊ नका. आणि एक कोरं पातंही आणा." तो का-कू करत होता. मी वाट बघत उभी राहिले. शेवटी तो हो म्हणाला.

मंगळवारी तो रेझर रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला. थांबला नाही. सगळे गेल्यावर मी तो उघडला आणि एकेक भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

रेझरच्या टोपीखाली वाळलेला साबण होता, आणि त्यात दाढीचे बारीक खुंट. सगळे पांढरे.

मनोहरची दाढी काळीभोर होती.

मी पातं घेतलं. पात्यावरही साबण वाळला होता. वरच्या थरात पांढरे खुंट. सुईच्या टोकाने थर अलगद उचलला, तर खाली, पात्याला चिकटून, काळे. आमच्या शास्त्रात मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. म्हणजे या पात्याने आधी काळी दाढी केली होती, मग पांढरी. पण रेझरमध्ये काळा केस एकही नव्हता. म्हणजे काळी दाढी झाली तेव्हा पातं दुसऱ्या रेझरमध्ये होतं. त्या दात्यांच्या.

पांढरे केस कुणाचे ते कळायला शास्त्र लागत नव्हतं. हातिमभाईंसमोर हवेत ताणलेली ती दोन बोटं मला आठवली. दुसऱ्याच्या गालावरची कातडी अशी ताणतात. 'प्रकृती जरा बरी नसते' याचा अर्थ त्या माणसाला स्वतःची दाढी करता येत नाही, एवढा होता. आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चांगला रेझर याच्यासाठी निवडला होता, आणि याने तो वडिलांना दिला होता. इथवर समजलं. पण चांगला रेझर घरात असताना पातं आधी त्या वाईट रेझरमध्ये घालायचं आणि स्वतःला कापून घ्यायचं, हा कसला क्रम? मी कोरं पातं वापरलेल्या पात्याशेजारी ठेवलं. कोऱ्या पात्याच्या धारेवर धातूची अगदी बारीक, वेडीवाकडी कुसळं होती. वापरलेल्या पात्याची धार मात्र एकसारखी होती. ते मी पाहिलं, आणि तरी मला कळलं नाही.

रेझर परत देताना मी एवढंच म्हटलं, "रेझरमध्ये दोष नाही." तो काही सांगेल म्हणून थांबले. तो "बरं" म्हणाला आणि गेला. मी आण्णांनाही काही सांगितलं नाही. अर्धं कळलेलं मी कुणाला सांगत नाही.

रविवारी आम्ही जेवायला मिरजेला जाणार होतो. आण्णा सकाळीच टोपी घालून दारात उभे.

"एवढ्यात?" आई म्हणाली. "त्यांनी दुपारी बोलावलंय. आणि आण्णा, दाढी तरी करा."

"आल्यावर करीन. कळवून छापा घालतात होय? माणूस सकाळी बघायचा. तू दुपारी ये. चल कुमे."

बसमध्ये आण्णा आपले पांढरे खुंट खाजवत बाहेर बघत राहिले. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. पिशवीत नेहमीचंच सामान होतं, नमुन्यांच्या नळ्या, हातोडी, भिंग. आज रविवार होता. रविवारी तो पातं बदलत असे. ओरखडा असणारच होता, आणि त्याचं कारण अजूनही माझ्याजवळ नव्हतं.

टोणप्यांचं दार उघडंच होतं. मागे कुणीतरी विहिरीवर पाणी ओढत होतं. आण्णांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि पुढच्या खोलीत नजर जाताच मिटलं.

खिडकीशी वेताच्या खुर्चीत एक म्हातारा माणूस बसला होता. गळ्याभोवती पंचा. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजवा हात मांडीवर कुणी ठेवून दिल्यासारखा. मनोहर आमच्याकडे पाठ करून खिडकीच्या आरशासमोर उभा होता. त्याच्या स्वतःच्या तोंडाला फेस होता आणि हातात दात्यांचा रेझर. तो ओढता ओढता थांबला, "स्स" असा आवाज आला, आणि आरशात हनुवटीच्या पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

"पु... रे," म्हातारे म्हणाले.

"पुरे कसं? डावा गाल राहिलाय अजून."

"ला... गलं."

"लागू दे, दादा. नवं पातं पहिल्यांदा चावतंच. पहिला चावा मी घेतो, मग ते गरीब होतं. तुम्हाला चावलं तर रक्त थांबत नाही, माहितीय ना? मागे माईंचं पातळ खराब केलंत आणि बोलणी मी खाल्ली."

म्हातारे घशातल्या घशात हसले. त्यांनी डावा हात उचलून मुलाच्या हनुवटीवरचं रक्त अंगठ्याने पुसलं आणि अंगठा पंच्याला.

मनोहरने दात्यांच्या रेझरचं मळसूत्र उलगडलं, पातं काढून विसळलं आणि पितळी रेझरमध्ये बसवलं. ते दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना, हे त्याने उजेडात धरून पाहिलं. मी दुकानात पाहिलं होतं तसंच. मग वडिलांसमोर वाकून त्याने मनगट उलटं वळवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो ओघळलेला गाल वर ताणला आणि रेझर टेकवला. दाबला नाही. रेझरचं वजन रेझरनेच वाहिलं. त्या कागदासारख्या कातडीवरून तो खाली आला आणि मागे स्वच्छ गाल उरला. हात एवढासाही हलला नाही.

माझ्या शेजारी आण्णा टोपी काढून उभे होते. ती त्यांनी कधी काढली, मला कळलं नाही.

म्हाताऱ्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. मनोहर वळला. अर्ध्या तोंडाला फेस, हनुवटीवर रक्त. "आण्णा! तुम्ही... दुपारी ना?"

 मग त्याने रेझर भांड्यात ठेवला. "मामा म्हणाले होते, दादांचं एवढ्यात सांगू नका. आधी दोन ठिकाणी दादांचं ऐकलं आणि पुढे काही झालंच नाही. पण मी सांगायला पाहिजे होतं." हे तो माझ्याकडे बघून बोलत होता.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मंगळवारपासून."

"कसं?"

"पात्यावर काळ्या केसांच्या वर पांढरे होते. फक्त काळे आधी का, ते कळत नव्हतं. ते आत्ता कळलं."

आण्णा सावकाश आत गेले. वडिलांच्या खुर्चीशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसले. त्यांनी वडिलांना नमस्कार केला. दादांनी डावा हात उचलला. मग आण्णांनी स्वतःच्या गालावरून तळवा फिरवला. खरखर ऐकू आली.

"माझीही राहिलीय आज," ते म्हणाले. "गडबडीत निघालो." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली. "चालव."

"आण्णा, मी?"

"मग काय न्हाव्याला बोलावू?"

मनोहरने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पाकिटातून नवीन पातं काढलं, आणि हात सवयीने त्या दात्यांच्या रेझरकडे गेला. त्याचा डावा गाल अजून राहिला होताच.

"थांबा," मी म्हटलं. पिशवीतून नमुन्याची एक नळी काढली, तिचं बूच उपसलं आणि त्याच्यासमोर धरलं. "पहिला चावा याला द्या."

"बुचाला?"

"कोऱ्या धारेवर बारीक कुसळं असतात. मी पाहिलीत. तीच चावतात. दोन्ही धारा बुचात एकेकदा अलगद दाबून ओढा, कुसळं तिथेच राहतील. तुमचा गळा कशाला पाहिजे?" माझा आवाज जरा चढला होता. मी तो खाली आणला. "आणि एका पात्याने दोघांची दाढी करायची नाही. एकाच्या जखमेतलं दुसऱ्याच्या जखमेत जातं. उद्यापासून हे बंद."

"उद्यापासून," त्याने माझाच शब्द पुन्हा म्हटला. मग बूच घेतलं. फेसाने भरलेल्या तोंडाने तो हसत होता.

"काय चाललंय रे तुमचं?" आण्णा छताकडे बघत ओरडले. "मान दुखायला लागली माझी."

मनोहरने पातं बुचातून ओढलं, पितळी रेझर उकळत्या पाण्याने धुऊन त्यात ते बसवलं, आणि आण्णांच्या गालांना फेस लावला. आण्णांनी डोळे मिटले. आयुष्यभर ज्यांच्यावर संशय होता त्यांच्यासमोर ते पापणी लवू देत नसत. पाणी घेऊन आत आलेल्या मनोहरच्या आई, माई, घागर कमरेवर तशीच ठेवून दारात थबकल्या. खोलीत फक्त रेझरचा बारीक आवाज होता.

आई दुपारी ठरल्या वेळी येऊन पोचली. माईंनी दार उघडलं, पण आईने आधी आण्णांना गाठलं. मनोहरच्या हनुवटीवरचा कापूस तिने आल्या आल्या पाहिला होता. तिचा चेहरा उतरला होता.

"आण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "ओरखडा दिसतोय."

"कुठाय?"

"असं काय करता? चांगला..."

आण्णा वाकले. त्यांनी आपला तुळतुळीत चेहरा आईच्या अगदी समोर आणला, आधी एक गाल दाखवला, मग दुसरा, मग मान वर करून गळा.

"शोध," ते म्हणाले. "एक जरी सापडला, तर माझा नकार."